पॅनल अपडेट: 80 मिमीचं भोक एकदाचं गोल झालं!

मंडळी, ग्लायडरच्या (बिनइंजिनाच्या विमानाच्या) नव्या इन्स्ट्रुमेंट पॅनलच्या मागच्या अपडेटमध्ये आपण पुठ्ठ्याच्या लेआउटवर थांबलो होतो. आता पत्र्यावर आलोय, 2 मिमी अॅल्युमिनियम, बाहेरचा आकार जुन्या पॅनलवरून उतरवून कापला, कडा कानशीने साफ केल्या, आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद करून बघितली तर कुठेही घासत नाही. हे काम इतकं सरळ झालं की त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी लढाई 80 च्या भोकाची. एअरस्पीड (वेग दाखवणारा), अल्टिमीटर (उंची दाखवणारा) आणि मेकॅनिकल व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारा), तिन्ही 80 मिमी व्यासाचे.

आधी होलसॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावला, अर्थात भंगार तुकड्यावर. बाजारात सहज मिळतो तो 79 चा नाहीतर 83 चा. 83 चा विचारच करू नका, कारण स्क्रूची भोकं 89 मिमी व्यासाच्या वर्तुळावर येतात, म्हणजे 83 चं भोक पाडलं की एम4 (4 मिमी) स्क्रूच्या भोकाशेजारी जेमतेम मिलिमीटरभर पत्रा उरतो, तो टिकणार कसा? म्हणून 79 चा घेतला, उरलेला एक मिमी कानशीने काढू म्हटलं. पण भोक गोल येईचना. व्हर्नियर एका दिशेने लावला तर 79.8 आणि जरा फिरवून लावला तर 80.9, कडेला तीन पोटं आल्यासारखी दिसत होती. रॉकेल घालून बघितलं, खाली प्लाय घट्ट धरून बघितलं, थोडा फरक पडला पण थरथर काही जाईना. कारण वेगात आहे. एवढ्या व्यासाच्या होलसॉला अॅल्युमिनियममध्ये बरंच हळू फिरवायला हवं आणि माझ्या ड्रिलप्रेसचा सगळ्यात कमी वेगच 500 आरपीएमच्या वर आहे, मग दातांत अॅल्युमिनियम चिकटतं आणि कटर कापायच्या ऐवजी घासत नाचत राहतो. फ्लाय कटर (आडव्या दांड्यावर एकच पातं असलेला कटर) या वेगाला पत्र्यावर लावायची माझी हिंमत नाही, आणि तुम्हीही लावू नका, एका बाजूला बाहेर आलेला तो दांडा फिरताना दिसतसुद्धा नाही.

मग डोक्यात आलं की आपण सगळं उलट्या क्रमाने का करतोय! सगळे आधी मोठं भोक पाडतात आणि मग स्क्रूची भोकं त्याच्याशी जुळवत बसतात. मी आधी स्क्रूची भोकं पाडली. इन्स्ट्रुमेंटच्या आट्यांमध्ये टोकदार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) बसवले, टोकं अगदी जराशी बाहेर ठेवली, पत्र्याला चिकटपट्टी लावून त्यावर दाबलं, खुणा उमटल्या, त्यावर सेंटर पंच आणि 4 मिमीचं ड्रिल. 63 मिमीचा चौकोन मोजून आखण्यापेक्षा हे कितीतरी बरं, जे इन्स्ट्रुमेंट बसणार आहे त्याचंच माप पत्र्यावर येतं.

नंतर 9 मिमी एमडीएफचं टेम्प्लेट. लाकडात 80 चं भोक सहज होतं, सॅंडपेपरने घासत इन्स्ट्रुमेंट हलकेच सरकेपर्यंत आणलं. टेम्प्लेट पत्र्यावर धरायला त्याच स्क्रूच्या भोकांतून 4 मिमीच्या सरळ पिना घातल्या, वर टोक न येऊ देता, शिवाय दुहेरी चिकटपट्टी आणि लांबच्या कोपऱ्यांत क्लॅम्प. जिगसॉने आतून दीड मिमी राखून कापलं आणि उरलेलं राउटरने, दांड्याकडे बेअरिंग असलेला कार्बाइड बिट, वेग सगळ्यात कमी, आतल्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बिट चांगल्याच मेकचा घ्या, स्वस्तातल्या बिटचं बेअरिंग पहिल्याच भोकात गरम होऊन अडकायला लागलं.

आणि काय भोक आलंय! व्हर्नियर कुठूनही लावा, 80.1. एअरस्पीड आत गेला आणि चारही स्क्रू बोटांनी फिरले, एकही भोक ओढून मोठं करावं लागलं नाही, उगाचच दोन-तीनदा काढून परत बसवला. (शेवटी भोकं 4.3 ची केली, रंगाच्या थराला जागा हवी.)

अल्टिमीटरला खाली डावीकडे नॉब, तिथे स्क्रू नाही, म्हणून तीनच पिना, आणि नॉबची खाच टेम्प्लेटमध्येच कापली. तोही पहिल्या दणक्यात बसला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, हे सगळं पॅनल बाहेर काढूनच करायचं. कॉकपिटमध्ये ड्रिल चालवलं की अॅल्युमिनियमचा कीस कंट्रोलच्या दांड्यांपाशी जाऊन पडतो आणि तो सगळा परत कधीच निघत नाही. इन्स्ट्रुमेंटच्या पिटो-स्टॅटिकच्या (बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या) नळ्यांनाही टोपणं लावूनच टेबलावर आणायची.

आता रेडिओ आणि इलेक्ट्रिक व्हेरिओ, दोन्ही 57 चे. त्यांच्यासाठी वेगळं टेम्प्लेट करायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की तिथेही 80 चंच भोक पाडावं आणि मागून 80 ते 57 ची अॅडॅप्टर प्लेट लावावी. टेम्प्लेट तेच चालेल, आणि उद्या मोठं इन्स्ट्रुमेंट आलं तर पॅनलला हात लावायला नको. अडचण जागेची. शेजारच्या दोन केंद्रांत निदान 85 मिमी लागतात, आणि आत्ताच पुठ्ठ्यावर ठेवून बघितलं तर होकायंत्राला जागाच उरत नाही.

मग होकायंत्र पॅनलवरून काढून वर, कोमिंगवर (पॅनलच्या वरच्या आवरणावर). खरं तर ते तिथेच बरं, रेडिओच्या स्पीकरच्या चुंबकापासून लांब आणि नजरेच्या रेषेत. आसपासचे स्क्रू पितळी घालणार. पण कायमचं बसवण्याआधी नुसतं चिकटपट्टीने लावून, रेडिओ बंद आणि चालू ठेवून, ट्रान्समिटचं बटण दाबून सुई किती सरकते ते बघायचंय. ते कळेपर्यंत रेडिओच्या भोकाला हात लावत नाही, आणि इन्स्पेक्टरने लेआउट बघितल्याशिवाय रंगही नाही. रंग मॅट काळा, तेवढं नक्की.