तळहातावरचं मोर्स आणि 'केपी'

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं तोतरेपणा आणि उशिरा बोलणारी मुलं एवढंच आमचं काम, पण माझा बराचसा वेळ आयसीयूत जातो, जिथे पेशंटला सगळं कळत असतं, ऐकू येत असतं, फक्त गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी भोक पाडून घातलेली, नळी असल्यामुळे आवाज फुटत नाही. हा किस्सा तिथला. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, नुसतं काका म्हणते.

काकांना जीबीएस झाला होता, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. ह्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, अशक्तपणा साधारण पायापासून सुरू होतो आणि वर चढत जातो, श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला की व्हेंटिलेटर. डोकं मात्र ठणठणीत. दुखणं पण असतं, आणि चांगलंच असतं, हे नातेवाईकांना पटवायला वेळ लागतो कारण न हलणाऱ्या माणसाला काही जाणवत नसेल असंच सगळे धरून चालतात. काकांच्या चेहऱ्याचेही स्नायू गेलेले, पापण्या नीट मिटायच्या नाहीत, डोळ्यांत मलम घालून ठेवायला लागायचं. त्यामुळे पापणी मिटून हो-नाही, जे एरवी चालून जातं, ते इथे बोंबललं. हलत होतं ते फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट, तेही जेमतेम.

आधी आम्ही अक्षरांचा तक्ता वापरला. मी एकेक ओळ वाचायची, हवी ती ओळ आली की त्यांनी बोट हलवायचं, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून. पद्धत चांगली आहे, बहुतेक पेशंटना मी आजही तीच देईन. पण काकांचा जन्म गेला दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात, प्रश्न विचारायची सवय ह्यांना, आणि आता कुणीतरी तक्ता घेऊन समोर उभं राहिल्याशिवाय ह्यांची बोलायची पाळीच यायची नाही. चिडले की बोट हलवणंच बंद करायचे. तेवढा एकच निषेध हातात होता बिचाऱ्यांच्या.

मोर्सची, म्हणजे टिंब आणि रेघांनी अक्षरं पाठवायच्या जुन्या तारेच्या लिपीची, आयडिया त्यांच्या मुलीची, कॉलेजात होती ती. मला आधी हसूच आलं, मला एसओएसच्या पुढे काही येत नव्हतं. तिच्या मामांनी तर लगेच फाटा फोडला, अगं जहाजांवरून सुद्धा ते १९९९ साली गेलं, तू कुठे आयसीयूत आणतेस. गेलं हे खरंच आहे, सॅटेलाइटवर चालणारी नवी यंत्रणा आल्यावर जहाजांना मोर्सची सक्ती राहिली नाही. पण बोट एक, हालचाल एक, ती छोटी किंवा मोठी, ह्यात अख्खी एबीसीडी बसते अशी दुसरी सोय मला तरी सुचेना, म्हटलं करून बघू.

करायला बसलो तर पहिल्याच दिवशी गाडी अडली. आपण सिनेमात बघतो भिंतीवर टकटक करून मोर्स पाठवतात. तुम्ही टेबलावर वाजवून बघा एकदा, टकचा आवाज तेवढाच येतो, बोट क्षणभर टेकवा नाहीतर दाबून धरा. टिंब आणि रेघ ह्यांत फरक लांबीचा, रेघ टिंबाच्या तिप्पट, आणि ठोक्याला लांबीच नसते. म्हणून तर व्हिएतनामच्या तुरुंगातल्या अमेरिकन युद्धकैद्यांनी भिंतीवर मोर्स वापरलं नाही, त्यांचा अक्षरांच्या पाच बाय पाचच्या चौकटीचा वेगळा टॅप कोड होता, आधी आडवी ओळ किती नंबरची तेवढे ठोके, मग उभी ओळ. जुने तारमास्तर ठोके ऐकूनच संदेश उतरवायचे हे खरं, पण त्यांच्या यंत्रात बटण दाबलं की एक खटका आणि सोडलं की दुसरा, मधला वेळ कानाला कळायचा. मूळ यंत्र तर कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायला बनवलेलं, ऑपरेटर लोकांनीच खटके ऐकून वाचायला सुरुवात केली आणि पट्टी बाजूला पडली.

मग टॅप कोडच का नको, असं मुलगी म्हणाली, शिकायला सोपा आहे. बरोबर आहे, पण ठोके मोजा. टी हे अक्षर त्या चौकटीत चौथी ओळ चौथा रकाना, म्हणजे आठ ठोके, मोर्समध्ये एक रेघ. ई तिथे सहा ठोके, इथे एक टिंब. ज्या माणसाचं बोट थोड्या वेळात थकून जातं त्याला हा फरक फार मोठा आहे.

बझर लावून बघितला. आयसीयूत आधीच मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर सगळेच बोंबलत असतात, त्यात आमचा बझर वाजला की सिस्टर धावत यायच्या. शेवटी साधं केलं, काकांच्या बोटाखाली माझा तळहात. नुसतं टेकवलं की टिंब, दाबून धरलं की रेघ. लांबी त्वचेला कळते, कानाची गरजच नाही. आम्ही त्याला 'टिच' आणि 'दाब' म्हणायला लागलो आणि तेच वॉर्डात रूढ झालं.

शिकताना एक गोष्ट मला कामाला आली. तक्ता पाठ करायचा नाही. टिंब-रेघांचं चित्र डोळ्यासमोर आणून मग अक्षर ओळखायला गेलात तर वेग येतच नाही, मधल्या मध्ये भाषांतर करत बसता. अक्षराची चाल अंगात बसवायची. १९३०च्या दशकात जर्मनीत लुडविग कोख नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं, सुरुवात दोनच अक्षरांनी पण पूर्ण वेगात, ती पक्की झाली की तिसरं. आम्ही अक्षरांचा क्रम आमच्या सोयीचा घेतला, कारण काकांना मराठीच बोलायचं होतं, रोमन अक्षरांत, फोनवर आपण टाइप करतो तसं. ह्यात गंमत अशी की मोर्समध्ये ई सगळ्यात छोटं आहे कारण इंग्रजीत ते सगळ्यात जास्त लागतं, आपल्याला जागोजागी लागतं ए. असो, ए म्हणजे टिच-दाब, फार महाग नाही. एच मात्र चार टिंबं आणि मराठीला ख घ थ ध भ सगळीकडे एच, म्हणून एच आम्ही गाळूनच टाकला. 'खाज'चं 'काज' झालं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. चुकलं हे सांगायला मोर्समध्ये आठ टिंबं द्यायची असतात, ती आम्ही रद्द करून एक लांबलचक दाब ठेवला.

मुलगी आमच्यापेक्षा भराभर शिकली, काका तिच्याहून भराभर. आम्हाला घरी जाऊन बाकीची कामं होती, ह्यांना दिवसरात्र तोच उद्योग.

आता तो दिवस. सकाळी राउंडच्या आधी गेले तर काकांच्या बेडभोवती गर्दी. पल्स वाढलेला, बीपी वर, कपाळावर घाम. जीबीएसमध्ये पल्स-बीपी आपोआप वरखाली होतात, त्यामुळे डॉक्टरांना तीच शंका. सिस्टरांनी सक्शन, म्हणजे गळ्यातल्या नळीतून कफ ओढून काढणं, करून झालं होतं, लघवीच्या कॅथेटरची नळी दुमडली नाही ना बघून झालं होतं, व्हेंटिलेटरच्या नळ्या तपासून झाल्या होत्या. एकीकडे प्रश्नांची सरबत्ती चाललेली, काका छातीत दुखतंय का, पोटात दुखतंय का, दम लागतोय का, पाय दुखतोय का, आणि बोट प्रत्येक वेळी नाही म्हणतंय. हो-नाहीची हीच गोम आहे, आपल्या डोक्यात जेवढे प्रश्न असतील तेवढीच उत्तरं पेशंटकडे असतात.

मी हात खाली दिला. दाब-टिच-दाब. के. मग टिच-दाब-दाब-टिच. पी. आणि थांबले.

केपी.

मुलगी म्हणाली परत विचारा. परत तेच, केपी. सिस्टर एकदम म्हणाल्या, अहो कफ म्हणतायत, एच तुम्ही गाळता ना, घाईत ए पण गाळला असेल. तर्क वाईट नव्हता, खरं तर मलाही पटला. परत सक्शन. ज्यांनी सक्शन बघितलंय त्यांना माहितीये ते किती त्रासाचं असतं, काकांचा पल्स आणखी वर. सक्शन आटपल्यावर मी हात दिला तर एक लांबलचक दाब, इतका लांब की बोट थरथरायला लागलं. चूक. डॉक्टर म्हणाले पेनकिलर देऊ आणि थोडं झोपवू, आणि त्यांचंही बरोबर होतं, ते आकडे बघत बसून चालणार नव्हतं.

मी म्हटलं एक मिनिट द्या, आणि काकांना सांगितलं, आता अगदी हळू, अक्षर संपलं की पूर्ण थांबा. मोर्समध्ये आपण टिंब-रेघ बघतो पण खरं वाचायचं असतं ते मधल्या मोकळ्या जागा. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक टिंबाएवढी जागा, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. आणि काकांचं बोट दाबायला यायचं पण उचलायला जड, त्यामुळे मधली जागा खाऊन टाकायचं. मी डोळे मिटले, आजूबाजूचं सगळं बंद. दाब-टिच-दाब. थांबले. टिच, दाब. मग बोट माझ्या हातावरून उचललं गेलं, किती तर कागद सरकेल एवढं, आणि परत टेकलं. दाब, टिच.

पी नव्हताच. ए आणि एन. टिच-दाब आणि दाब-टिच चिकटले की पी होतो.

के, ए, एन. कान.

मुलगी पलीकडच्या बाजूला गेली, उशीत हात घातला. पहाटे काकांना कुशीवर वळवलं होतं, दर दोन तासांनी वळवतातच बेडसोअर होऊ नयेत म्हणून, आणि वळवताना खालचा कान पुढे दुमडून डोक्याखाली गेलेला, वरून पूर्ण डोक्याचं वजन. कान काढला तर जांभळालाल, कडेला घडीची रेघ उमटलेली. आमच्यापैकी कुणीही, कितीही वेळ प्रश्न विचारत बसलो असतो तरी 'कान दुमडलाय का' हा प्रश्न आला नसता.

पल्स लगेच नाही उतरला, हळूहळू उतरला. डॉक्टरांनी झोपेचं औषध कॅन्सल केलं आणि मला म्हणाले, हे तुमचं टकटक सिस्टरांना पण शिकवा. सगळं नाही शिकवलं, तेवढा वेळ कुणाला असतो. बेडच्या डोक्याशी एक कागद लावला, बारा-पंधरा अक्षरं, वर सूचना की प्रश्न विचारण्याआधी हात बोटाखाली द्या. आणि कुशीवर वळवलं की खालचा कान बोटाने सरळ करायचा, हे वळवण्याच्या चेकलिस्टमध्ये घातलं.

ह्यानंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं की मग सगळ्यांनाच मोर्स का शिकवत नाही. कारण सगळ्यांना झेपत नाही. आयसीयूत माणूस नुसता बेडवर पडून गोंधळतो, दिवस-रात्र कळत नाही, त्याला नवीन लिपी शिकवायला जाणं म्हणजे छळ. शिवाय समोरच्यालाही यायला हवं. आता फोनच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मोर्सचा कीबोर्ड आहे, २०१८ साली आला, स्विच जोडला की खुणांची थेट अक्षरं होतात आणि कुणाला काही शिकायला नको, काकांना पुढे दोन बोटं आल्यावर आम्ही तोच लावला, एक बोट टिंबाला एक रेघेला, म्हणजे दाबून धरायचा त्रास गेला.

त्या दिवशी दुपारी मी परत चक्कर मारली. मुलगी बाबांच्या बोटाखाली हात देऊन बसलेली, वहीत अक्षरं लिहीत होती, आणि मान वर न करता म्हणाली मॅडम तुमच्याबद्दलच चाललंय. मी खूश होऊन वही बघितली. लिहिलं होतं, 'मॅडमचा हात गार, आधी चोळून ये म्हणावं'.