रौप्यमहोत्सव अंजनेरीलाच करायचा होता

आमच्या मुलांच्या निसर्ग आणि गिर्यारोहण शिबिराला यंदा 25 वर्षं झाली. ती कशी साजरी करायची यावर बैठकीत फारसा वाद झालाच नाही. पहिलं शिबिर नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी झालं होतं, म्हणून तिथेच एक रात्र राहायचं. सकाळी यंदाची मुलं आणि जुने शिबिरार्थी मिळून वर जायचं, संध्याकाळी खाली गोलात बसून बोलायचं. बाहेरच्या हितचिंतकांनी मात्र वेगळा सल्ला दिला: नाशिकचं कालिदास कलामंदिर नाट्यगृह घ्या, दोन-चार सत्कार करा, स्मरणिका काढा, मोकळे व्हा. पण ज्या मुलांना आपण इतकी वर्षं भिंतीबाहेर या म्हणून सांगतो, त्यांना नेमकं याच दिवशी खुर्च्यांवर बसवून भाषणं ऐकवायची, हे मला पटणं शक्यच नव्हतं.

वर्गणी जमली, जुनी मुलं व्हॉट्सॲपवर एकमेकांना शोधत आली, तंबू, शिधा, दोर, हार्नेस सगळं वेळेत झालं. अडलं ते एका कार्यालयातल्या एका टेबलावर. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, पण अजून आठवलं की चीड येते.

अर्जाचा विषय मी असा लिहिला होता: ‘रौप्यमहोत्सवानिमित्त दोन दिवसांचे निवासी शिबिर व स्नेहमेळावा घेण्यास परवानगी मिळणेबाबत.’ भाऊसाहेबांनी वाचलं आणि विचारलं, “ताई, हा कार्यक्रम आहे की शिबिर?”

मी म्हटलं, “दोन्ही.”

“दोन्ही असं नसतं. कार्यक्रम असेल तर मंडप आला, स्पीकर आला, गर्दी आली. त्याचे कागद वेगळे. शिबिर असेल तर साहसी उपक्रम. त्याचे कागद वेगळे.”

शिबिराचे कागद आमच्याकडे तयार होते. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत 2018 साली शासन निर्णय निघाला आणि 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून आम्ही या बाबतीत काटेकोर आहोत. पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी, विमा, प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केलेले प्रशिक्षक, सगळं फाईलला लावलं होतं. तरी फाईल शेजारच्या टेबलावर गेली आणि ‘यात कार्यक्रम आहे’ म्हणून परत आली. पहिल्या टेबलाने ‘यात साहसी उपक्रम आहे’ म्हणून ती पुन्हा तिकडे पाठवली. साहेबांना भेटावं तर साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत. व्हीसी संपली की दौऱ्यावर. “बुधवारी या” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की बुधवार हा वारच नकोसा झाला.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो एका शेऱ्याने. ध्वनिक्षेपक लावणार नाही, असं मी अर्जात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्यावर शेरा पडला: ‘ध्वनिक्षेपक परवाना जोडावा.’ जी वस्तू आणायचीच नाही तिचा परवाना कुठून आणायचा? मी तेवढंच विचारलं, तर उत्तर आलं, “कार्यक्रम म्हटला की तो लागतोच.”

नियमांशी माझं भांडण नाही, उलट ते असलेच पाहिजेत. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, तीही नेमकी हिवाळ्यात, आणि एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन देशभरातली गिधाडं संपत आली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. हे आम्ही मुलांना दुर्बिणीतून कडा दाखवत शिकवतो. शास्त्राला प्रथम याच डोंगरावर सापडलेली, त्याचंच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात तिथे आहे. अशा जागी आवाज करायला आम्हीच कुणाला देणार नाही. म्हणून तर तो शेरा इतका लागला. ज्या गोष्टीसाठी आम्ही इतकी वर्षं जीव काढला, तीच आमच्याविरुद्ध फाईलवर उभी होती.

तारीख तोंडावर आली होती. मुलांचे पालक फोन करत होते, पुण्या-मुंबईहून येणारे जुने शिबिरार्थी तिकिटं काढू का म्हणून विचारत होते, आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.

सुटका केली त्याच कार्यालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी. त्यांचा या फाईलशी काही संबंध नव्हता, मला बाकावर बसलेलं रोज बघत होत्या इतकंच. म्हणाल्या, “ताई, एका कागदावर दोन कामं मागू नका. डोंगरावर जाण्याचा अर्ज वेगळा करा. मुक्काम आणि मेळावा गावात कुणाच्या मालकीच्या शेतात घ्या. त्याला मालकाचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलिसांना माहिती. इथे तो विषय आणूच नका.” आम्ही तसंच केलं. ज्या सहीसाठी मी ताटकळले होते ती त्याच आठवड्यात झाली. पहिल्या दिवशी, पहिल्याच टेबलावर हे कुणी सांगितलं असतं तर? माहीत सगळ्यांना होतं. बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

शिबिर अंजनेरीलाच झालं. पहिल्या वर्षीची एक शिबिरार्थी आपल्या मुलीला घेऊन आली होती, आणि दोघी एकाच गटातून पठारावरच्या अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत चढल्या. मला प्रचंड अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

कुणाला असं काही करायचं असेल तर अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका; “अर्ज मिळालाच नाही” हे आम्हाला एकदा ऐकवलं गेलं आणि तो शिक्काच कामी आला. पालकांचं संमतीपत्र मराठीत करा, त्यात रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं यांचे रकाने ठेवा. तारीख ठरवताना पंचांग बघा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते, आधीचे काही दिवस रस्त्यावर दिंड्या असतात, तेव्हा बस वेळेवर पोचणार नाही. श्रावणातला तिसरा सोमवारही टाळा, ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते. आता तर 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, नाशिकहून निघताना हाताशी जास्तीचा वेळ ठेवा.

आणि परवानगीचं पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा. आमच्या पत्रात तारीख एक दिवस मागची पडली होती, ती मी बाहेर न पडता दुरुस्त करून घेतली आणि दुरुस्तीशेजारी सही मागितली.