तुम्ही विचारलंत म्हणून: प्रयोग यशस्वी झाला, मग वस्तू कुठे अडली?

व्याख्यान संपलं, की कुणीतरी हमखास विचारतं, "तुमचा प्रयोग तर कधीच यशस्वी झाला, मग ती वस्तू अजून विकत का मिळत नाही?" प्रश्न रास्त आहे. प्रयोग यशस्वी होतो तो माझ्या हातात. वस्तू मात्र माझ्याशिवाय चालायला हवी. सगळी वर्षं जातात ती या दोन्हींच्या मध्ये.

आमचा गट पाण्यातलं फ्लोराइड ओळखणारी कागदी पट्टी करत होता. झिर्कोनियम आणि अलिझारिनचा तांबूस रंग फ्लोराइडमुळे पिवळा पडतो, हे रसायनशास्त्र जुनंच. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा रंग साध्या डोळ्यांना वेगळा दिसायला हवा होता. तो दिसला, आणि आम्हाला वाटलं, झालं काम.

त्या पट्ट्या मी स्वतः करायचे. पिपेटने एकेक थेंब सोडायचा, दिवसाला तीसेक पट्ट्या. थेंब वाळताना रंग कडेला जाऊन साचतो. सांडलेली कॉफी वाळली की डागाला गडद कड येते ना, अगदी तसं. अशी कड आलेली पट्टी मी टाकून द्यायचे आणि दुसरी करायचे. इतक्या सवयीने, की ते कुठे लिहून ठेवावं हे सुचलंच नाही. कागदाचा मोठा रोल यंत्रावर चढला तेव्हा निवडणारं कुणी नव्हतं, आणि प्रत्येक मीटरवर त्या कडा परत आल्या. माझी नजर हासुद्धा त्या पट्टीचा एक घटक होता, हे मला तेव्हा कळलं.

मग कागद बदलला. वाळवण्याचं तापमान बदललं. द्रावण थोडं दाट केलं. पट्ट्या गरम, दमट कपाटात ठेवून किती महिने टिकतात ते पाहिलं. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर रंग फसवतो, त्याचा बंदोबस्त केला. दीड वर्ष गेलं आणि त्यातून एकही शोधनिबंध निघाला नाही. या कामाला संशोधन न म्हणण्याची आपली पद्धत मला मनापासून खटकते. पहिला थेंब टाकायला लागली त्याहून जास्त कल्पकता इथे लागली होती.

फोटोकॉपीचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनचं उदाहरण मी नेहमी देते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून त्याने पहिली कोरडी प्रत काढली. अनेक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. पुढे बॅटेल या संशोधन संस्थेत गंधकाच्या जागी सेलेनियम आलं, शाईची पूड बदलली, आणि झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं ते १९५९ साली. एकवीस वर्षं! कल्पना पहिल्या दिवशीच बरोबर होती.

पेटंटचंही लोक विचारतात. आधी अर्ज, मग शोधनिबंध, एवढं पाळा. युरोपात तर स्वतःच आधी छापलेला मजकूरसुद्धा आड येतो. पैशांचं दुखणं मोठं आहे. नासाने तंत्रज्ञानाची तयारी मोजायला नऊ पायऱ्या ठरवल्या आहेत. खालच्या पायऱ्यांना संशोधनाचं अनुदान मिळतं, वरच्या पायऱ्यांवर कंपन्या येतात. आमचं ते दीड वर्ष नेमकं मधल्या पायऱ्यांवर गेलं, आणि तिथे दोघंही म्हणतात, हे आमचं काम नाही.

परवा एक विद्यार्थिनी तिची नवी पट्टी दाखवायला आली. मी तिला दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि कार्यालयातल्या लेखनिकाला बोलावून पट्टी, पाण्याचा पेला आणि तिने लिहिलेला सूचनांचा कागद दिला. त्यांनी कागद नीट वाचला, पट्टी उलटी धरली आणि रंग नसलेलं टोक पाण्यात बुडवलं. काचेपलीकडून ती बघत होती. मग तिने वही उघडली.