कोरड्या दुपारी सुटलेला दगड

मे महिन्यात दगड पडल्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जवळपास कुठे पोकलेन चालू आहे का?" पुण्यात बावधनकडच्या एका सोसायटीच्या चेअरमननी दोनदा सांगितलं, काही चालू नाही. पाऊस नाही, सुरुंग नाही, गच्चीवर पोरंसुद्धा नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला मागच्या कड्यातून अडीचएक टनांचा दगड सुटला आणि पार्किंगमधल्या एका गाडीचं बॉनेट चेपून थांबला. ऊन मी म्हणत होतं, सगळे पंख्याखाली आडवे झालेले, म्हणून माणसं वाचली.

मी कागदोपत्री अभियांत्रिकी भूशास्त्रज्ञ. लोकांना माझ्याकडून हवं असतं ते सर्टिफिकेट: 'कडा सुरक्षित आहे', खाली सही, शिक्का. मी हातोडी काढली की त्यांचे चेहरे पडतात.

कडा बघितला आणि नेहमीचीच चीड आली. डोंगर उभाच्या उभा कापलेला, टप्पे नाहीत, उतार नाही. का, तर तेवढ्यात चार गाड्या जास्त बसतात. पुण्याखालचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरांवर थर, आणि सगळे थर एका गुणाचे नसतात. इथे वर टणक काळा बसाल्ट, खाली पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्यांचा ठिसूळ थर. हा खालचा थर हातोडीच्या टोकाने खरवडला तरी भुगा होतो. तो दरवर्षी थोडा झिजून आत सरकतो आणि वरचा काळा दगड छज्ज्यासारखा पुढे राहतो. टेंडरमध्ये मात्र दोन्हींना मिळून एकच नाव, 'हार्ड रॉक'.

धड कातळावर हातोडी मारली की खणखणीत वाजते. इथे दर दोन हातांवर बद्द आवाज येत होता. म्हणजे मागे फट.

पण खरी गोष्ट पडलेल्या दगडाच्या पाठीवर होती. ज्या बाजूने तो कड्याला चिकटलेला होता, ती बाजू मी पाण्याची बाटली ओतून धुतली. जवळजवळ सगळी पाठ गंजलेल्या तपकिरी रंगाची. तिच्यावर चिकणमातीचा पातळ लेप, आणि त्या लेपात केसाएवढ्या मुळांची जाळी. काळाभोर ताजा तुकडा वरच्या कोपऱ्यात, जेमतेम वीतभर. त्या दुपारी तुटलं ते एवढंच. बाकीचा दगड कित्येक वर्षं आधीच सुटलेला होता, त्या वीतभर जागेवर लटकून होता.

चेअरमनना ते दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, उन्हाने पडला म्हणायचा?"

माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं त्यानंतर, म्हणजे ३० जुलै २०१४ नंतर, दरड म्हटलं की पाऊस हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पाऊस नसेल तर मग ऊन, असा सरळ हिशोब. पण १९३६ साली अमेरिकेत डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि थंड केला. रोज एकदा धरलं तर २४४ वर्षांचं ऊन-रात्र. कोरड्या हवेत दगडाला काही झालं नाही. थंड करताना पाणी वापरलं, तेव्हा थोड्याच फेऱ्यांत तडे दिसायला लागले. एकट्या उन्हाच्या नावावर मी सही करणार नव्हते.

त्याच वेळी ऊन निर्दोष आहे असंही म्हणवेना. म्हणून शेजारची तशीच एक उभी फट धरली आणि गॅरेजवाले फट मोजायला वापरतात ते फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे हजर झाले. पहाटे ०.५० मिलिमीटरची पात सहज आत गेली. दुपारी तीनला ०.३० ची अडली. कातळाचा पृष्ठभाग पहाटे २६ अंश, दुपारी ५६. दोन मीटरचा बसाल्ट तेवढ्या फरकाने फुगून फुगणार किती, तर मिलिमीटरचा पाव-तिसरा हिस्सा. हिशोब बसतो. रात्री फट उघडते, वरून मुरमाची कच आत झिरपते. दिवसा दगडाला परत पसरायचं असतं, पण कचेने जागा अडवलेली. मग तो बाहेरच्या बाजूला, म्हणजे पार्किंगकडे, रेटला जातो. रोज एक लहानशी पाचर.

पण ही फट केली कोणी? पाण्यानेच. बसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची पाणी मुरून चिकणमाती होते, लोह गंजतं, तो तपकिरी रंग त्याचाच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते.

वॉचमन मामांनी आणखी एक धागा दिला. "मॅडम, आदल्या संध्याकाळी वावटळ सुटली होती, तो पिंपळ नुसता घुसळत होता." वर बघितलं तर कड्याच्या डोक्यावर मनगटाएवढ्या खोडाचा पिंपळ, आणि त्याची मुळं त्याच फटीत. झाड हललं की मूळ फटीत हलणारच. शाळेच्या भूगोलात वारा म्हणजे वाळवंटातला भूछत्र खडक आणि तापमान म्हणजे बर्फाने फुटणारा दगड. पुण्यात वाळवंट नाही आणि बर्फही नाही, त्यामुळे पायाखालचा मुरूम कशाने झाला हे बारावी झालेल्या मुलालाही सांगता येत नाही. मामा शाळेत फारसे गेलेले नाहीत, पण त्यांनी पिंपळाकडे बघितलं होतं.

गाडीच्या विम्याच्या फॉर्मवर कारणासाठी दोन चौकोन होते, 'नैसर्गिक' आणि 'मानवी'. मी दोन्हींवर खूण केली आणि सोबत दोन पानं जोडली. सर्व्हेअरने फॉर्म परत पाठवला, कृपया एकच निवडा. पाणी, ऊन, वारा, मुळं आणि उभा कापलेला डोंगर यांतलं एक काढलं तर तो दगड त्या दुपारी पडला असता का, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. कापणी नसती तर पडायला पार्किंगच नसतं, एवढं मात्र छातीठोकपणे सांगेन. फॉर्म तसाच टेबलावर आहे.

सोसायटीला लिहून दिलंय: पावसाळ्याआधी सैल दगड पाडून घ्या, पिंपळ मुळासकट काढा, अँकर (कातळात खोल ठोकायच्या सळ्या) आणि जाळी बसवा, आणि नुसतं शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने मारायचं काँक्रीट, मारून फटी बुजवू नका, पाणी निघायला पाइप ठेवा. तोपर्यंत कड्याखाली गाडी लावायची नाही. कमिटीच्या मीटिंगनंतर सेक्रेटरींचा मेसेज आला, जाळी हिरव्या रंगात मिळते का.