आमची वाटचाल : नागपूरचे खुर्चीवाले आणि बोटीचा धंदा

आम्ही व्हीलचेअरवरच्या आणि आजारी माणसांना क्रूझवर, म्हणजे मोठ्या प्रवासी बोटीनं फिरायला नेतो. नागपुरात समुद्र नाही, हे आम्हाला इतक्या लोकांनी सांगून झालंय की आता कोणी तोंड उघडलं की मी आधीच हो म्हणून टाकतो. आमचा गाळा धंतोलीत, जिथं दर चार पावलांवर हॉस्पिटल आहे. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड (डोक्याकडून वर होणारा पलंग), कमोड चेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) भाड्यानं द्यायचे आणि दुरुस्त करायचे, हा मूळ धंदा. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, आणि ज्याला रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता येतो त्याला व्हीलचेअर काही नवीन नाही.

बोटीचा किडा डोक्यात घातला तो आमच्या एका ग्राहक बाईंनी. बाई नागपूरच्या महाल भागातल्या, शाळेतून रिटायर, संधिवातानं गुडघे अन् बोटं दोन्ही गेलेली, वरून इन्सुलिन. सिंगापूरहून बोटीनं फिरून आल्या आणि खुर्ची परत करताना म्हणाल्या, "तुझी खुर्ची केबिनच्या दारातच अडकली. चार रात्री दोन पोट्ट्यांनी मला उचलून आत नेलं. अर्धं भाडं परत दे." भाडं मी दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी इंच टेप घेऊन दुकानातली प्रत्येक खुर्ची मोजली.

आपली नेहमीची 18 इंची सीटची खुर्ची, मोठी चाकं आणि हातरिंग धरून, बाहेरून 25-26 इंच भरते. साध्या केबिनचं दार बऱ्याच बोटींवर 23 इंचांच्या आसपास. म्हणजे जाणारच नाही, कितीही देव आठवा. त्याला दोनच उपाय, एक तर अपंगांसाठीची केबिन घ्यायची जिच्यात दार 32 इंचांच्या आसपास असतं आणि बाथरूमला उंबरठा नसतो (अशा केबिन बोटीवर मोजक्याच, आणि गरज नसलेले लोक मोठी खोली मिळते म्हणून आधीच बुक करून बसतात, त्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा), नाहीतर ट्रान्झिट चेअर न्यायची, मागं 12 इंची चाकं, बाहेरून 22 इंच. माणसाला ती स्वतः चालवता येत नाही, ढकलायला कोणीतरी लागतं, पण दारातून जाते. उरला बाथरूमचा उंबरठा. त्याच्यासाठी मी अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा रॅम्प करून घेतला, दोन बिजागऱ्या, खाली रबर, वर खरखरीत पट्टी, घडी केली की सुटकेसमध्ये मावतो. त्या रॅम्पवर माझा भारी जीव आहे.

तिकिटाचं मला काही कळत नव्हतं म्हणून एक पार्टनर घेतला. तो ट्रॅव्हलवाला, बोलायला गोड. मी खुर्ची आणि औषधं बघायचो, तो बुकिंग बघायचा. मुंबईहून गोवा, कोचीन, कधी सिंगापूरहून, अशी लहान लहान ग्रुपं नेली. बरं चाललं होतं.

मग 2020. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ बोट कोरोनामुळे अडकली, टीव्हीवर रात्रंदिवस तेच, आणि आमचे फोन सुरू झाले, पैसे परत द्या. मार्चमध्ये सगळ्या बोटीच थांबल्या. आमचे अ‍ॅडव्हान्स मुंबईच्या एका होलसेल एजंटकडे भरलेले, त्यानं आधी पुढची तारीख घ्या म्हटलं, मग क्रेडिट नोट देतो म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. पार्टनर म्हणाला, आपण कशाला द्यायचे, आपल्याकडे कुठं पैसे आहेत, सगळ्या जगाचंच अडकलंय. त्याचं हिशेबानं बरोबर असेलही, पण तो राहतो मनीषनगरात आणि मी बसतो दुकानात, ज्याच्या समोरून हेच लोक रोज डॉक्टरकडं जातात. मी ओम्नी गाडी विकली, निम्मे बेड विकले, बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, आणि एकेकाचे पैसे फेडले. पार्टनरनं जुलैमध्ये सांगितलं की मी वेगळा होतो. जाताना ग्राहकांची वही घेऊन गेला, ती मात्र बरोबर आठवली त्याला.

बाईंनी पैसे परत घेतले नाहीत. "बोट सुटेल तेव्हा बघू, तोवर माझी खुर्ची ग्रीसिंग करून ठेव," एवढंच.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पहाटे तीनलाही कॉन्सन्ट्रेटरसाठी फोन यायचे. पाच लिटरची मशीन बाहेर जाण्याआधी मी मागचा स्पंजचा फिल्टर धुवायचो, ह्युमिडिफायरची बाटली बदलायचो आणि अ‍ॅनालायझर लावून 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो का ते बघायचो, कारण नुसता घरघर आवाज करणारी मशीन तर कोणीही देईल. भाडं जुनंच ठेवलं. आमचा जुना पार्टनर तेव्हा तेच मशीन तिप्पट भाड्यानं देऊन राहिला होता, आणि लोक घेतही होते, बिचारे काय करतील.

सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही क्रूझ बोट सुटायला लागली. बोट 1990 सालची बांधणी, म्हणून आधी केबिनची मापं मागवली आणि मगच बाईंना आणि आणखी काही जणांना नेलं. सिकलसेलवाले (रक्ताचा आनुवंशिक आजार) एक काकाजी होते, विदर्भात हा आजार किती ते आपल्याला ठाऊकच आहे, त्यांना डॉक्टरांनी विमान नको म्हटलं कारण विमानात हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखी विरळ असते. त्यांना दुरांतोनं रात्री बसवलं, सकाळी सीएसएमटी, तिथून बोटीचा धक्का, बॅलार्ड पियर, जवळच. बोटीवर एसी कडक असतो म्हणून सोबत स्वेटर, आणि दर तासाला पाणी, हा माझा हुकूम.

नंतर एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली, 'दिव्यांग फ्रेंडली लक्षद्वीप क्रूझ'. फोटोत आमच्या बाई, आमच्या खुर्चीत, आमच्या रॅम्पवर! जाहिरात कोणाची ते सांगायला नको. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागतच नाही, प्रवाळामुळे लांब समुद्रात उभी राहते आणि लहान बोटीनं न्यावं लागतं. लाटेवर वरखाली होणाऱ्या त्या लहान बोटीत, चार पावलं चालता न येणाऱ्या माणसाला कोण उतरवेल? खलाशी सरळ नाही म्हणतात आणि बरोबर म्हणतात. व्हायचं तेच झालं, बेट समोर दिसतंय आणि हे लोक दिवसभर डेकवर बसून. आल्यावर त्यातली तीन कुटुंबं माझ्याकडे आली, भांडायला, कारण फोटोतला रॅम्प माझा! त्यांना चहा पाजून नकाशा काढून समजावलं, तेव्हा पटलं.

म्हणून विचारलं नसलं तरी सांगतो. कोणत्याही एजंटला आधी विचारा, बोट धक्क्याला लागते की टेंडर आहे, म्हणजे लहान बोटीनं उतरावं लागतं. धक्का असेल तरच पैसे भरा. इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर बॅटरीचं लेबल वाचा, लिथियमची निघणारी असली तर विमानात साधारण 300 वॉट-अवरच्या आतच चालते, आणि लेबल घासून गेलं असेल तर काउंटरवरचा माणूस तुमचं ऐकणार नाही. अपंगांची बॅटरीवरची स्कूटर रात्री केबिनमध्येच ठेवा, कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, आगीचा रस्ता असतो तो. सीपॅपवाल्यांनी (झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन) सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नये, गेटवरच काढून घेतात. केबिनमधला फ्रिज नुसता गार असतो, त्याच्या भरवशावर इन्सुलिन ठेवू नका, बुकिंगच्या वेळीच मेडिकल फ्रिज मागा. इन्सुलिन चेक-इन बॅगेत तर कधीच नाही. हिमोडायलिसिस (मशीननं रक्त शुद्ध करणं) आठवड्यात तीनदा असेल तर दोन रात्रींच्या ट्रिपपलीकडे मी नेत नाही, आणि तीही नेफ्रोलॉजिस्टनं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरनं, लेखी दिलं तरच, भांडून उपयोग नाही. आणि पहिल्या दिवशीच्या सेफ्टी ड्रिलला दांडी मारू नका. आग लागली तर लिफ्ट बंद होतात, तुम्हाला जिन्यानं खाली कोण नेणार आणि इव्हॅक्युएशन चेअर (जिन्यावरून उतरवायची खुर्ची) कुठं आहे, हे त्याच दिवशी विचारून ठेवायचं असतं.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाळा मोठा केला, पोरगा आता मापं घेतो. पाटल्या परत आणल्या, तेही सांगून टाकतो.

परवा सीताबर्डीत जुना पार्टनर भेटला. गळ्यात पडला, बाईंची तब्येत विचारली, धंद्याचं विचारलं, आणि मग हळूच म्हणाला, "भाऊ, तो घडीचा रॅम्प कोणत्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला होता रे?" म्हटलं, आठवत नाही.