गच्चीवरची बाग बघायला जाताय?

भरवस्तीतल्या एका गच्चीवरची बाग बघून आलो. लिफ्ट नाही, शेवटचा जिना अरुंद आणि लोखंडी, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी आधी विचार करावा. जायचं तर सकाळी लवकर जा. फुलं टवटवीत असतात हे खरंच, पण पाणी घालायची वेळ सापडते. मला विचाराल तर बाग कशी राखली जाते, ते तेव्हाच कळतं.

इथल्या काकू नळी हातात घेण्याआधी कुंडीत बोट खुपसतात, चांगलं दोन पेरं. आत ओल लागली की ती कुंडी वगळून पुढे. एकाच रांगेतल्या निम्म्या कुंड्या अशा पाणी न घालताच सोडल्या. वरची माती सुकलेली दिसते म्हणून आपण रोज पाणी ओततो, आणि मुळं कुजतात ती त्यानेच.

कुंड्या विटांवर ठेवल्यात. खाली हात जाईल एवढी फट आहे, त्यामुळे झाडलोट होते आणि स्लॅबवर पाणी साचत नाही. जड पिंपं सगळी कडेला, खालच्या भिंतींच्या वर. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड-दोन टनांपर्यंत जातं, म्हणून निव्वळ माती कुठेच नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि पालापाचोळ्याचं खत मिसळलेलं. घरी असं काही करायचा बेत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, रोपं नंतर आणा.

फुलांचे फोटो सगळेच काढतात. मी सर्वात जास्त रेंगाळलो ते लिंबापाशी. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसलं. काकांनी काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर आली आणि उग्र वास सुटला! लिंबावरच्या फुलपाखराची अळी. हे एक झाड त्यांनी अळ्यांच्या नावाने सोडून दिलंय, त्यावर कसलीच फवारणी नाही. झाड निम्मं खाल्लेलं दिसतं, पण नवी पालवी फुटत राहते म्हणे.

खताचं पिंप उघडून दाखवायला सांगा, आनंदाने दाखवतात. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुका पाला, तोही सढळ हाताने. घाण वास आला तर ओलं जास्त झालंय किंवा हवा खेळत नाहीये. पाला घालून वरखाली करायचं. इथे नुसता मातीचा वास होता.

जाण्याआधी फोन करून काय फुललंय ते विचारा. फरशी ओली असते, घसरणार नाहीत अशा चपला घाला. लहान मुलांना मोकळं सोडू नका, कठडा बुटका आहे. आणि फांद्या मागत सुटू नका, ते स्वतःहून देतात. मिळालेली फांदी घरच्या झाडांत लगेच मिसळायची नाही, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची. पानांची मागची बाजू आणि पेरांच्या बेचक्या नीट बघा. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली तरी संशय घ्या; त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. थोडेच असतील तर ओल्या कापडाने पुसून काढले तरी भागतं.

पाण्याची बाटली न्या, वर सावली फारशी नाही.