स्टेंट टाकला, मग गोळ्या अजून कशाला?

परवा हळदीकुंकवाला तुम्ही विचारलंत, "ताई, तुम्हाला स्टेंट टाकून दीड वर्ष झालं ना? मग गोळ्या अजून कशाला?" हे मला नेहमी कुणी ना कुणी विचारतं. तिथे घाईत बोलणं राहिलं, म्हणून आता नीट सांगते.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालून तपासतात त्या खोलीत, मी शुद्धीवर होते. मनगटातून नळी घातलेली. डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडल्यावर पडद्यावर माझ्या हृदयाच्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्याभोर उमटल्या. एक फांदी मध्येच चिमटीत धरल्यासारखी. तिथे फुगा फुगवून जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवली आणि पुढची फांदी डोळ्यांदेखत भरली. वाटलं, सुटले. नंतर डॉक्टरांनी तीच सीडी लावून बाकीच्या फांद्यांवर बोट ठेवलं. त्यांच्या कडा खडबडीत होत्या. चरबीचा थर तिथेही होता, वाट तेवढी अडली नव्हती.

कोलेस्टेरॉलची गोळी त्या फांद्यांसाठी. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती सोडायची नसते. रिपोर्ट नॉर्मल येतो तो तिच्यामुळेच.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जाळीसाठी. 1977 साली झुरिकमध्ये डॉक्टर आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा हृदयाची धमनी उघडली ती नुसत्या फुग्याने. पण उघडलेली जागा अनेकांची पुन्हा आवळायची, म्हणून 1986 पासून जाळ्या बसवू लागले. जाळी धातूची. तिच्यावर आतून अस्तर चढेपर्यंत रक्ताची गुठळी धरायची भीती मोठी, आणि ती धरली तर अटॅकच. अटॅकनंतर अशा दोन गोळ्या साधारण 12 महिने देतात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर मुदत कमी-जास्त करतात. पुढे बहुतेकांना एक चालूच राहते.

जाळी बसून चार महिने झाले तेव्हा माझी दाढ काढायची होती. "दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवा," असं दवाखान्यात सांगितलं. मी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकही बंद करायची नाही. दाढ गोळ्या चालू ठेवूनच काढली. अर्धा तास कापूस दाबून बसले, रक्त थांबलं.

तुमच्या यजमानांना जाळी बसून सहाच महिने झालेत आणि त्यांनी गोळ्या आपल्या मनाने सोडल्यात, असं म्हणालात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.